सामाईक वेळापत्रक

तिला सगळे वायरताई म्हणायचे. कुठल्याही संस्थेत पाऊल टाकलं की ती आधी टेबलाखाली शिरायची, म्हणून वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी ठेवलेलं ते नाव. ते इतकं चिकटलं की घराबाहेर तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.

काम तिनेच उभं केलेलं होतं. शहरात लहान लहान संस्था होत्या: डोळ्यांचं धर्मादाय रुग्णालय, वृद्धाश्रम, कर्णबधिर मुलांची शाळा, रक्तदात्यांचा गट, अशा दहा-बारा. प्रत्येकीकडे एखादा धापा टाकणारा संगणक, आणि ‘त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा कुणाचा तरी भाचा. भाच्याची परीक्षा आली की संस्थेचा ईमेल बंद पडायचा. वृद्धाश्रमातल्या साऱ्यांच्या औषधांची माहिती एकदा भाच्याच्या लॅपटॉपबरोबर हनिमूनला गेली होती, आणि तो परत येईपर्यंत तिथली नर्स आठवणीवर गोळ्या वाटत होती.

वायरताई तेव्हा एका कंपनीत होती आणि सुट्टीच्या दिवशी वृद्धाश्रमात फुकट काम करायची. तिचं म्हणणं साधं होतं. प्रत्येकाने वेगळं रडण्यापेक्षा सगळ्यांचं मिळून एकच ठेवू. एक सर्व्हर, एकच जपून ठेवायची जागा, आणि अडलं तर फोन करायला एक नंबर, ज्यावर माणूस बोलेल. रुग्णालयाचे डॉक्टर या संस्थांच्या संघाचे अध्यक्ष होते. त्यांना ते पटलं. त्यांनी एक देणगीदार मिळवला आणि रुग्णालयाच्या मागच्या अंगाला तिला एक खोली दिली. शेजारी चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र होतं. ते चालू झालं की मधली भिंत थरथरायची आणि कीबोर्डवर पांढरी पूड बसायची. नोकरी सोडून ती त्या खोलीत येऊन बसली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, जगाचे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस, तेवढा आपल्या टीव्हीचा रिमोट बघ.

देणगीदाराला संघातली प्रत्येक संस्था यात हवी होती. शेवटपर्यंत आली नव्हती ती एकटी आक्का.

आक्का निवाराघर चालवायची. वय साठीचं, बारीक चण, बोलणं फटकळ. मार खाऊन, जीव मुठीत धरून निघालेल्या बायका तिच्याकडे पोराबाळांसकट राहायच्या. घरावर पाटी नव्हती. कुठे आहे ते संघात दोघाचौघांनाच माहीत होतं. वायरताई पहिल्यांदा गेली तेव्हा आक्काने तिला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवून ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली.

“आमचं घर कुणाच्या कागदावर नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर ते घर आहे.”

पण पुढे तिथला संगणक बसला तो कायमचा. त्याच्याबरोबर एका बाईच्या जखमांचे फोटो गेले आणि कोर्टात तिचा दावा लंगडा पडला. आक्काने ते फार मनाला लावून घेतलं. वायरताई परत गेली. सर्व्हरवर तुमचं कपाट वेगळं, त्याची किल्ली वेगळी, घराचा पत्ता आणि बायकांची नावं कुठेच टाकायची नाहीत, असं सगळं तिने समजावलं. वाटेल ते झालं तरी मी जबाबदार, असंही बोलून गेली. आक्का बराच वेळ पातेल्याला लागलेलं करपट खरवडत राहिली. मग म्हणाली, “तू म्हणतेस म्हणून.”

वायरताईने शब्द पाळला. निवाराघराचं कपाट तिने खरोखरच वेगळं बांधलं, आणि ते शेवटपर्यंत कुणाला उघडता आलं नाही. घात झाला तो गाडीमुळे.

रुग्णालयाची एक व्हॅन होती, ती सगळ्या संस्था वापरायच्या आणि तिच्यावरून सगळ्या भांडायच्या. एकाच सकाळी वृद्धाश्रमाला ती दवाखान्यासाठी हवी आणि शाळेला सहलीसाठी. म्हणून वायरताईने गाडीचं एक सामाईक वेळापत्रक केलं. ज्याला हवी त्याने त्यात नोंद करायची, आणि ती सगळ्यांना दिसायची, म्हणजे भांडण नको. इतरांना फक्त ‘गाडी बाहेर आहे’ एवढंच दिसावं, बाकी मजकूर ड्रायव्हरपुरता राहावा, असं तिच्या मनात होतं. पण देणगीदाराची माणसं पाहणीला यायची होती, डॉक्टर घाई करत होते, आणि वेळापत्रक चालू तर झालंच होतं. पुढच्या आठवड्यात करू म्हणून ते राहिलं. नंतर कुठे प्रिंटर अडला, कुठे पासवर्ड हरवला, आणि ते राहूनच गेलं.

निवाराघरात ती आठवड्यातून एकदा टायपिंगचा वर्ग घ्यायची. पत्ता माहीत असलेल्या मोजक्यांपैकी ती एक होती, म्हणून आक्का तिला येऊ द्यायची. वर्गात एक बाई सगळ्यांच्या पुढे असायची. लग्नाआधी औषधांच्या दुकानात बिलं बनवायची म्हणे, त्यामुळे बोटं भराभर चालत. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. ही मुंगीची आई. मुंगी तिची सहा वर्षांची मुलगी, साखरेचा डबा कुठेही लपवला तरी शोधून काढणारी. तिला दम्याचा त्रास होता आणि तो फुसफुस करणारा पंप ती गळ्यात दोरीने अडकवून फिरायची. पहिल्याच दिवशी तिने वायरताईला बजावलं होतं, मला मुंगी म्हणायचं, माझे बाबा म्हणतात तसं.

त्या दिवशी मुंगीची आई कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाली होती, “ताई, यात मी आहे का?”

वायरताईने नाही म्हणून सांगितलं. मनापासून सांगितलं, आणि तेव्हा ते खरंही होतं.

महिन्याभराने एका दुपारी मुंगीला जोराची धाप लागली. आक्का कोर्टात गेली होती. तिच्या मदतनीस बाईने घाबरून व्हॅन मागवली आणि ड्रायव्हर चुकू नये म्हणून नोंदीत सगळं लिहिलं: बेकरीमागची गल्ली, शिंप्याच्या दुकानासमोर, निळं फाटक, मुंगी, वय सहा, धाप, सोबत आई. गाडी वेळेवर पोहोचली. मुलगी वाचली. नोंद तशीच राहिली.

रक्तदात्यांचा गट चालवणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणायचे. कुणाला कुठल्या गटाचं रक्त लागलं की भाऊ फोनवर बसायचा आणि माणूस उभा करायचा. डॉक्टरांच्या बहिणीला त्याने रक्त मिळवून दिलं होतं, पोलीस ठाण्यातल्या साहेबांच्या वडिलांनाही. बोलायला मऊ. त्याची बायको संघातल्या कुणी पाहिली नव्हती. बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेलीय, असं तो गेले काही महिने सांगत होता, आणि बाळंतपण फार लांबलं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

भाऊने मदतीच्या नंबरवर फोन केला तेव्हा शेजारचं यंत्र चालू होतं. मागच्या शिबिराला गाडी कुठल्या दिवशी मिळाली होती ते बघायचंय, पण जुन्या नोंदी दिसत नाहीत, असं तो म्हणाला. वायरताई एका कानात बोट घालून त्याच्याशी बोलली. वरच्या कोपऱ्यात बाण आहे, तो दाबा, मागचा महिना उघडेल. उघडला, तो म्हणाला. मग काही वेळ नुसताच श्वास ऐकू आला. तिने विचारलं, सापडलं का? तो म्हणाला, “सापडलं, ताई. फार उपकार झाले.”

तो खरंच शिबिराची तारीख शोधत होता की आणखी काही, हे नंतरही कधी कळलं नाही.

दोन-तीन दिवसांनी आक्काचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. शिंप्याच्या दुकानासमोर एक माणूस उभा आहे, ती म्हणाली, मुंगीचा बाप. तुम्ही लोक ज्याला भाऊ म्हणता तो हाच, हे मला आजच कळलं. “त्याला माझं घर कुणी दाखवलं, तेवढं शोधून सांग.”

वायरताईला शोधावं लागलं नाही. भाऊ हा शब्द ऐकला तेव्हाच तिला तो फोन आठवला. तिने वेळापत्रक उघडलं, बाण दाबला, आणि निळं फाटक समोर आलं. काही क्षण तिला वाटलं की आता पुसून टाकलं तर. तिने ते पुसलं, मग हात तसाच माउसवर ठेवून बसून राहिली. आक्काला परत फोन करून तिने सगळं सांगितलं, आपण फोनवर काय म्हणालो तेही. आक्काने मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर फोन ठेवला.

भाऊ आत शिरला नाही, ओरडला नाही. शिंप्याने टाकलेल्या बाकावर बसून चहा प्यायचा. फाटकावरच्या बाईकडे त्याने औषधाचा पंप दिला. मुलीचा जास्तीचा घरी राहिला होता, म्हणाला. आक्काने पोलिसांना बोलावलं. त्यांनी त्याला पाहून आधी नमस्कार केला. रस्त्यावर उभं राहणं हा गुन्हा नाही, असं त्यांनी आक्काला समजावलं, आणि घरातली भांडणं बोलून मिटतात, असंही. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. वरच्या मजल्यावरच्या बायका खिडकीचे पडदे ओढून आत बसल्या. प्रत्येकीला आपापला नवरा त्या बाकावर दिसत होता. एकीने मुलाच्या तोंडावर हात दाबून धरला होता, कारण तो हसत होता.

आक्का बायकांना हलवायच्या तयारीला लागली. कुणाला मैत्रिणीकडे, कुणाला परगावच्या संस्थेत. हे चालू असतानाच मुंगीची आई पिशवी घेऊन खाली आली. मुंगीला तिने बूट घातले होते.

“माझ्यापायी सगळ्यांचं घर मोडायला नको,” ती म्हणाली.

आक्काने तिचा दंड धरला. पुष्कळ सांगितलं, ते सगळं त्या मदतनीस बाईने पुढे वायरताईला सांगितलं: घर आता मोडलंच आहे, तू गेलीस म्हणून वाचणार नाही, थांब. पण कुणाला कोंडून ठेवायचं नाही हा आक्काचाच नियम होता. फाटक उघडलं. मुंगी बापाला बघून धावली. भाऊने तिला उचलून घेतलं आणि बायकोच्या हातातली पिशवी घेतली, अगदी कुणीही घेईल तशी. ते तिघं गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत शिंपी मान वर न करता मशीन चालवत होता.

आठवड्याच्या आत निवाराघर रिकामं झालं.

वायरताई डॉक्टरांकडे गेली. ते रुग्ण तपासत होते. एका म्हातारीच्या पापण्या उघडून त्यात थेंब टाकता टाकता त्यांनी ऐकलं. मग तिला बाजूला घेऊन म्हणाले, की चूक झाली, दुरुस्त कर, पण याचा गवगवा नको. देणगीदार बिथरेल, मग वृद्धाश्रमाचं काय, शाळेचं काय? आणि ती बाई आपल्या पायांनी नांदायला गेली, त्यात आपण काय करणार? ते वाईट गृहस्थ नव्हते. रुग्णालयात कुणाला परत पाठवत नसत. तिला ते सारं माहीत होतं, म्हणून ती वाद न घालता निघाली.

त्या दिवशी घरी तिने जेवणाचं ताट नुसतं चिवडलं. नवऱ्याने विचारलं, तिने सांगितलं. तो तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. सासूबाई पलीकडे शेंगा सोलत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं दोघांनी गृहीत धरलं होतं. त्या खाली बघूनच म्हणाल्या, “माझ्या वेळी बाई पळून माहेरीच जायची. आणि माहेरचा पत्ता सगळ्यांनाच ठाऊक असायचा.” मग उठून सालं टाकायला गेल्या. त्यांनी असं काही आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं.

संघाच्या बैठकीत वायरताई बोलली. बैठक रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात होती. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, खाली बाकांवर सगळे संस्थावाले. भाऊ तिसऱ्या बाकावर होता. ती उभी राहिली आणि वेळापत्रक कुणाकुणाला दिसत होतं, का दिसत होतं, आणि त्यातून काय झालं ते सांगितलं. नावं घेतली नाहीत. घ्यायची गरजही नव्हती, सगळ्यांच्या माना हळूहळू तिकडे वळल्या होत्या.

भाऊ उभा राहिला. त्याने हात जोडले.

“ताईंनी इतकं मनाला लावून घेऊ नये,” तो म्हणाला. “गैरसमज होतात, माणसं दुरावतात. ताईंच्या मदतीने माझं घर परत जागेवर आलं. मी तर त्यांचे आभारच मानतो.”

कर्णबधिर शाळेच्या मुख्याध्यापिका पर्स उचलून बाहेर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची संस्था संघातून बाहेर पडल्याचं कळवलं. बाकीचे राहिले. भाऊही राहिला. त्याने काही गुन्हा केल्याचं कुणाला दाखवता येत नव्हतं, आणि रक्त तर रोज लागतंच.

आक्का संघाने दिलेले दोन कॉम्प्युटर परत करायला आली. टेम्पोतून उतरवून तिने ते खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवले, वायरी नीट गुंडाळून. वायरताईने तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. बोलायचं म्हणून वायरताईच्या तोंडून निघालं, “नवी जागा...” आणि आक्काने तिच्याकडे पाहिलं. तिने वाक्य तिथेच सोडलं. जाताना आक्का म्हणाली, “तू खोटं बोलली नाहीस, तेवढं मी लक्षात ठेवीन.” मग टेम्पोवाल्याला चल म्हणाली.

वेळापत्रकाचं राहिलेलं काम वायरताईने त्याच आठवड्यात केलं. बसल्यावर तासाभराचंसुद्धा नव्हतं.

सोडून द्यावं असं तिला रोज वाटायचं. पण वृद्धाश्रमाच्या गोळ्या आता तिच्या यंत्रणेवर चालत होत्या, आणि ती गेली तर परत कुणाचा तरी भाचा येणार. ती फोन उचलत राहिली. भाऊचेही उचलत राहिली. तो नेहमीसारखाच बोलायचा.

पुढे भाऊच्या गटाचं मोठं रक्तदान शिबिर भरलं आणि नोंदणीचा लॅपटॉप अडला म्हणून तिला बोलावणं आलं. मोठं सभागृह, ओळीने खाटा, दात्यांना द्यायची बिस्किटं. नोंदणीच्या टेबलाशी मुंगीची आई बसली होती. भाऊ आता तिला सगळीकडे बरोबर न्यायचा. ती वाळली होती. हसली मात्र, जशी कुणीही पाहुण्याकडे बघून हसेल. वायरताई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. भाऊ चार पावलांवर पाहुण्यांशी बोलत होता.

प्रिंटरची एक सेटिंग बदलायची होती, तेवढंच. ती ते करत असताना मुंगीच्या आईने कीबोर्ड आपल्याकडे ओढला. दात्याचं नाव लिहायच्या चौकटीत तिची बोटं भराभर चालली: मी कुठे आहे ते त्यांना माझ्या फोनवरून दिसतं. बंद करता येईल?

वायरताईने ते वाचलं. तिने ओळ पुसली आणि लिहिलं: बंद केलं की लगेच कळेल. फोन चालूच ठेवायचा. घरी ठेवायचा. तुम्ही निघायचं.

बाईने ते पुसलं. मग एकच शब्द लिहिला: मुंगी?

वायरताईने बोटं कीबोर्डवर ठेवली. नोंदणीला आलेला एक तरुण समोर बाही वर करून उभा होता.

“झालं का, ताई?” मागून भाऊने विचारलं.

तिने शब्द पुसला. “झालं,” ती म्हणाली. प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला.

त्यानंतर काही आठवडे गेले. एके सकाळी मदतीच्या नंबरवर भाऊचा फोन आला. या खेपेला त्याचा आवाज मऊ नव्हता. बायकोचा फोन घरात आहे, चालू आहे, पण ती नाही, तो म्हणाला. तिने शेवटचं कुणाशी बोलणं केलं, कुठल्या कॉम्प्युटरवरून काही पाठवलं का, हे तुमच्याकडून कळेल का? वायरताई म्हणाली, नाही. तो म्हणाला, तुम्ही आधी केली होती की मदत. पलीकडून मुंगीचा खोकला ऐकू आला, मग त्या पंपाचा फुसफुस आवाज, आणि ती रडत काहीतरी विचारत होती. भाऊ म्हणाला, “पोरीला टाकून गेली. शाळेतही मीच नेतो, मीच आणतो. हिला आई म्हणायचं?”

ती कुठे आहे हे वायरताईला माहीत नव्हतं. तिने तसंच सांगितलं.

आक्काचा फोन त्यानंतर एका अनोळखी नंबरवरून आला. मुंगीची आई सुखरूप आहे, एवढं सांगून आक्का कामाचं बोलली. मुलीच्या ताब्यासाठी दावा लावलाय. भाऊचा वकील म्हणतोय की बाई लहर लागली की घर सोडते आणि लहर लागली की परत येते. पहिल्या वेळी ती परत का गेली, पत्ता कसा फुटला, हे कुणीतरी कोर्टात सांगायला हवं. येशील?

वायरताई आली. डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं की हे संघाच्या नावाने करायचं नाही, आणि केलं तर खोलीची किल्ली द्यावी लागेल. तिने किल्ली दिली. साक्षीत भाऊच्या वकिलाने तिला विचारलं, की म्हणजे चूक तुमची होती? ती म्हणाली, हो, माझीही होती. त्याने ‘माझीही’ हा शब्द दोनदा उच्चारून दाखवला. तिच्या जागी देणगीदाराने एक बाहेरची कंपनी नेमली. वृद्धाश्रमातली नर्स अजून तिलाच फोन करते, कारण कंपनीच्या नंबरवर आधी गाणं लागतं.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. तोवर मुलगी बापाकडे, आणि आईने तिला कोर्टातल्या भेटीच्या खोलीत भेटायचं, असं ठरलं. आक्का स्वतः जात नाही. तिच्या मागावर कुणी लागलं तर नवं घरही जाईल. म्हणून सोबतीला वायरताई जाते. पहिल्या भेटीला मुंगीला घेऊन भाऊ दारापर्यंत आला. “ताई, बऱ्या आहात ना?” त्याने विचारलं, आणि बाहेरच्या बाकावर बसला.

खोलीत रंग उडालेली खेळणी होती, एक सतरंजी होती आणि खुर्चीत बसून लक्ष ठेवणारी कोर्टाची बाई होती. मुंगी आईजवळ लगेच गेली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली, गळ्यातला पंप मुठीत धरून. तिची उंची वाढली होती. आई सतरंजीवर बसली आणि वाट बघत राहिली. बऱ्याच वेळाने मुंगी पुढे आली आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

“मी तुला फोन लावला,” ती म्हणाली. “बाबांच्या फोनवरून. तर तो आपल्या घरातच वाजला. कपाटात.”

आईने तिचे केस कानामागे सारले. “विसरले गं,” ती म्हणाली.

मुंगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. “तू तर कधीच काही विसरत नाहीस,” ती म्हणाली.

दाराशी उभ्या असलेल्या वायरताईने मान खिडकीकडे वळवली. खुर्चीतल्या बाईने घड्याळ पाहिलं आणि अजून थोडा वेळ आहे, असं सांगितलं.